पट्टी ज्याची

एकोणतीस वर्षं सांगलीच्या मार्केट यार्डात हळद तोलली.
राजापुरी, सेलम, गठ्ठा, कणी.
पोत्याला हात लावला की कळायचं आत माती किती.
राजमती म्हणते, मग हे कसं नाही कळलं?

हे म्हणजे तो चकचकीत कागद.
सहा रात्री, सात दिवस, शिमला आणि मनाली.
विमान, हॉटेल, गाडी, जैन जेवण,
खाली जाड अक्षरात : सगळं एकाच किमतीत.
विश्रामबागच्या ऑफिसात एसी होता,
पोरीनं लिंबू सरबत दिलं,
मी एक लाख अठरा हजार दोनदा मोजून दिले
कारण राजमतीला बर्फ बघायचा होता.
फ्रीजमधला नव्हे, पडलेला. हा तिचा शब्द.

चंदीगडला उतरलो. पाटी धरून कुणीच नव्हतं.
फोनवरचा म्हणाला, गाडी आमची नव्हे, तिथल्या पार्टीची.
पार्टी म्हणाली, पैसेच आले नाहीत.
शिमल्यात हॉटेल म्हणालं, यादीत नाव नाही.
आचारी म्हणाला, बटाटा नाही, कांदा नाही, मग खाता काय?
तीन दिवस आम्ही भडंग खाल्लं,
घरचं, बिनलसणाचं, परतीच्या वाटेसाठी ठेवलेलं.
बसस्टँडमागं स्वतःच्या पैशानं खोली घेतली.
खोलीला खिडकी होती, खिडकीत भिंत होती.
तरी राजमती रोज सकाळी पडदा सरकवून बघायची.

परत येऊन विश्रामबागला गेलो. या खेपेला सरबत नाही.
"काका, आम्ही नुसतं जोडून देतो.
विमान विमानवाल्याचं, खोली खोलीवाल्याची.
आम्ही मधले."

मधले!
पोरा, माझा जन्म मधल्यांत गेला.
अडत्याच्या नावावर हळदीची एक सरी नसते,
तरी कडेगावचा माणूस पैसे त्याच्याकडंच मागतो.
खरेदीदार बुडाला, पळाला, गुवाहाटीला जाऊन बसला,
अडत्याला म्हणता येत नाही की जा, शोध त्याला.
पट्टी ज्यानं लिहिली, देणं त्याचं.
हे शिवगोंडा अण्णांच्या पेढीवर
वयाच्या विसाव्या वर्षी शिकलो, झाडलोट करताना.

कागदाच्या मागं मुंगीएवढं छापलेलं :
वाद फक्त मुंबईच्या कोर्टात.
ग्राहक आयोगातल्या बाईंनी चष्म्यावरून बघितलं,
"राहता कुठं?"
माधवनगरला.
"मग इथंच. एवढ्या रकमेला फी नाही. वकील पाहिजेच असं नाही."

तर तक्रार मीच लिहिली, पेढीच्या अक्षरात.
विमान सोडून दिलं, ते उडालं होतं.
गाडी एवढी, खोली एवढी, जेवण एवढं.
मग एक ओळ आली : मानसिक त्रासापोटी रुपये.
पुढं टिंबं टिंबं.

पेन खाली ठेवलं.
दगड लपवलेलं पोतं मी नुसतं हलवून सांगितलंय,
पण हे कुठल्या काट्यावर घालू?
सरकवलेला पडदा किती किलो?
आणि ती म्हणालेली, "असू दे हो, हवा तर गार आहे",
ते मोजायचं, की कडता म्हणून सोडून द्यायचं?

राजमती मागं उभी राहून वाचत होती.
"लिहा, बावीस हजार पाचशे."
पाचशे कुठनं आले?
"मी हिशेब केलाय."
सांग की.
"तुम्हाला नाही. विचारलं तर साहेबांना सांगीन."

तारीख पडली. पुढची पडली.
कंपनीचा वकील तिसऱ्यांदाही आला नाही.
बाहेर एप्रिल, डांबर मऊ झालेलं.
कोपऱ्यावरच्या रसवंतीत बसलो.
हल्ली मी उसाच्या रसाचीही पावती मागतो,
पोऱ्या हसतो.
आज त्यानं लादी फोडता फोडता विचारलं,
काकू, बर्फ घालू?

"घालू नको," राजमती म्हणाली.
मग थोडं थांबून,
"बघू दे पण."